तीस सेकंदांचं गाऱ्हाणं

रत्नागिरीत मारुती मंदिरच्या सर्कलजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या डोक्यावर विनीत सरांची जाहिरात संस्था होती. तिथे दर्शना गोताड फेसबुकची दोन पानं चालवायची. एक पान एका कंपनीचं. लांज्याच्या आतल्या बाजूला सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, सौरऊर्जेचा प्रकल्प आणू पाहणारी ही कंपनी, आणि तिच्या पानाचं नाव ‘आपला सडा, आपली ऊर्जा’. दुसरं पान सरकारचं. एका खात्याला जनतेशी संवाद साधायचा होता. तो स्वतः साधायला वेळ नसल्यामुळे त्याचा ठेका निघाला आणि तोही विनीत सरांनाच मिळाला. म्हणजे सकाळी कंपनीने काही टाकायचं, दुपारी सरकारने त्याचं कौतुक करायचं आणि संध्याकाळी कंपनीने सरकारचे आभार मानायचे. तिन्ही वेळा बोटं दर्शनाचीच. स्वतःच्या वरातीत स्वतःच ताशा बडवण्याचा हा प्रकार; पण ऑफिसात कोणाला त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

दर्शनालाही वाटत नव्हतं. वडकोंडसारख्या गावातली, कातळावर भात पिकवणाऱ्याची मुलगी लांज्याला बी.कॉम. होते, मोबाईलवर व्हिडिओ कापायला आपली आपण शिकते आणि सव्विसाव्या वर्षी पंख्याखाली खुर्ची टाकून पगार घेते, ह्याचा तिला अभिमान होता, आणि तो असावाच. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली मुंबईला गेल्या होत्या आणि उरलेल्या सासरी. विनीत सरांनी तिला घेतलं ते मात्र कामापेक्षा गावासाठी. प्रकल्पाचा सडा वडकोंडचाच होता. “तू तिथली आहेस,” ते म्हणायचे, “लोकांची नस तुला बरोबर कळते.” नस कळणाऱ्याच्याच हातात सुरी देतात, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नाही.

तिचे वडील तुकाराम गोताड. गावात सगळे त्यांना तुकातात्या म्हणत. जमीन बेताची, बोलणं त्याहून बेताचं. एरवी चार शब्दांच्या वर न जाणारा हा माणूस वर्षातून पाच-सहा वेळा मात्र अख्ख्या गावाच्या वतीने बोलायचा. वडकोंडात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान गोताडांकडे होता. देवाला काय हवं-नको ते सांगायचं, गावाचं मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्यापाठी जमलेल्यांनी एका आवाजात “व्हय म्हाराजा” म्हणायचं. ते म्हटलं नाही तर मागणं देवापर्यंत पोचत नाही, असं तिथलं मानणं. गाऱ्हाण्याची एक रीत होती, ती दर्शनाने पाळण्यातून ऐकली होती. समोरच्याचं चांगलं आधी चिंतायचं, अगदी वैऱ्याचंही. येणाऱ्याला येवो म्हणायचं, पिकवणाऱ्याला पिकवो म्हणायचं. आणि मग ‘पन’ म्हणून खरं काय ते बोलायचं. गाऱ्हाण्याचा जीव त्या ‘पन’च्या पुढे असतो.

मार्गशीर्षात, भात घरात आलं की सड्यावरच्या राखणदाराला राखण द्यायचा दिवस असतो. राखणदार म्हणजे मूर्ती नाही, देऊळ नाही; झऱ्याच्या वर, चार जुन्या झाडांच्या राईत एक शेंदूर लावलेला दगड. गावाची वेस, गुरं आणि पाणी तो राखतो. नारळ, कोंबडा आणि भात घेऊन पुरुषमंडळी वर जातात. विनीत सरांना त्याचा सुगावा दर्शनाकडूनच लागला. “हे घे शूट करून,” ते म्हणाले. “लोकांना त्यांचीच संस्कृती दाखवली की पान आपलं वाटतं.”

तात्यांनी आधी नाही म्हटलं. देवाच्या पुढ्यात मोबाईल कधी काढला नव्हता. दर्शना म्हणाली, “तात्या, मोबाईल परक्याचा थोडाच आहे? माझा आहे.” म्हातारा लेकीच्या शब्दाला विरघळला आणि तिला वर घेऊन गेला. विसेक माणसं जमली होती; झऱ्याजवळ गुरं चारणारे बाबल्याकाका मांडवकर होते, दोघे-तिघे मुंबईहून आलेले होते. तात्यांनी खांद्यावर पंचा घेतला, हात जोडले आणि त्यांचा आवाज बदलला. तो आवाज घरात कधी ऐकू यायचा नाही.

“बा राखनदारा, बारा वाडीच्या बारा देवांनो, आज वडकोंडची लेकरा तुमच्या पायाशी हुभी हायत. त्यांची राखन मानून घ्या.”

“व्हय म्हाराजा.”

“सड्यावर कंपनी येते म्हनतात. येवो बापडी. उनाचा लाईट करते म्हनतात. करो. पोरांच्या हाताला काम मिळो, मुंबयची वाट धरलेली पावला घराकडं वळोत.”

“व्हय म्हाराजा.”

“पन तुज्या झऱ्याचा पानी, गुरांची चरन आनि तुजी ही राय, ह्याच्यावर कोन हात घालील तर त्याला तितनाच माघारी फिरव. सही करनाऱ्याचा हात धर, खोटा बोलनाऱ्याची जीभ धर.”

“व्हय म्हाराजा.”

शेवटचा होकार इतका मोठा होता की राईतले पक्षी उडाले. दर्शनाने मोबाईल बंद करायच्या आत तात्या तिच्याकडे वळून म्हणाले, “पुरा घेतलंस ना गो? अर्धा कुटं दाकवू नको हां. देवाचा बोलना हाय.” तेही त्या व्हिडिओत आलं. “नाही दाखवत,” असा तिचा आवाजही आला.

आता इथे दर्शनाची बाजू घ्यायची तर घेता येईल. मूळ व्हिडिओ सव्वादोन मिनिटांचा होता आणि विनीत सरांचा नियम होता तीस सेकंदांचा. त्यापुढे लोक अंगठा वर सरकवतात. दुसरा भाग पुढच्या आठवड्यात टाकू असं ते म्हणाले होते आणि तिने ते खरं मानलं. पण तिची सगळीच बाजू घेता येणार नाही. कातर कुठे चालवायची हे तिने स्वतः ठरवलं. दुसऱ्या “व्हय म्हाराजा”वर तिने कापलं, कारण तिथे ऐकायला छान वाटत होतं. खाली ओळही तिनेच लिहिली: ‘राखणदाराच्या साक्षीने वडकोंड म्हणतंय, होय महाराजा!’ लिहिताना तिच्या मनात एकदा चर्र झालं होतं. चहा आला, ती विसरली.

रील सुसाट गेलं. दोन दिवसांत लाखभर लोकांनी पाहिलं. तिसऱ्या दिवशी तिनेच ते सरकारी पानावर उचललं आणि वर लिहिलं, ‘लोकसहभागातून विकास! वडकोंड ग्रामस्थांचं अभिनंदन.’ विनीत सरांनी सगळ्यांना बटाटवडे आणले. तात्यांचा आवाज ऑफिसात दिवसभर वाजत होता, आणि दर्शनाला, खरं सांगायचं तर, ऊर भरून आला होता. बापाला अख्खा महाराष्ट्र ऐकतोय असं तिला वाटलं.

मग खाली गावच्या लोकांच्या कमेंटी यायला लागल्या. पहिली गावाच्या मुंबईतल्या मंडळातल्या एकाची: ‘गावाने कधी होकार दिला?’ दुसरी: ‘तुकातात्या कंपनीचे कधीपासून?’ अशा कमेंटी लपवायच्या, हे दर्शनाच्या कामातच होतं. लपवलेली कमेंट लिहिणाऱ्याला स्वतःच्या मोबाईलवर दिसत राहते, त्यामुळे तो भांडायला येत नाही. युक्ती मोठी सोयीची. तिने दोन्ही लपवल्या. आपण बापाची बदनामी थांबवतोय असंच तिला वाटलं. तिसरी कमेंट बाबल्याकाकांची होती, सुनेकडून लिहून घेतलेली: ‘आम्ही तिथे होतो. पुढचं गाऱ्हाणं कुठं ठेवलंत?’ तिच्यावर दर्शनाचं बोट बराच वेळ थांबलं. तेवढ्यात विनीत सर पाठीमागून म्हणाले, “अगं, ही पण घाल आत. सुनावणी गुरुवारी आहे.” तिने तीही घातली. तात्यांची बाजू सांगणारं त्या पानावर जे एकच वाक्य होतं, ते तात्यांच्या मुलीने नाहीसं केलं.

गुरुवारी लांज्यात प्रकल्पाची जनसुनावणी झाली. वडकोंडचे चाळीस लोक हरकती लिहून घेऊन गेले होते. झऱ्याच्या पाण्यावर खालच्या तीन वाड्या जगतात, कंपनीच्या नकाशात तो झरा नाहीच, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीलाच भिंतीवरच्या पडद्यावर रील लागलं. तुकातात्या हात जोडून म्हणतायत, कंपनी येवो, आणि गाव म्हणतंय, व्हय म्हाराजा. टेबलामागच्या साहेबांनी मान डोलावली. मग चाळीस हरकतींचे कागद घेतले गेले, त्यांवर शिक्के पडले, आणि संध्याकाळी सरकारी पानावर टाकायचा मजकूर दर्शनाकडे आला: ‘ग्रामस्थांचा उत्स्फूर्त पाठिंबा, काहींच्या सूचनांची नोंद.’ तिने तो टाकला. सांगितलेलं काम बिनचूक करणारी मुलगी होती ती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. तुळसाबाई फोनवर कधी रडायच्या नाहीत, त्या दिवशी रडल्या.

“दर्शना, तुज्या तात्यांनी दोन दिस भाकर खाल्ली न्हाय गो. लांज्याच्या स्टँडवर कोन तरी त्यांना बगून ‘व्हय म्हाराजा’ बोल्लान आनि सगळी हसली. ते चालत घरला आले. रिक्षात बसाया पन लाज वाटली त्यांना.”

“पण तात्या तर पूर्ण बोलले होते. सगळ्यांनी ऐकलंय.”

“ऐकला त्यांनी ऐकला. मुंबयवाल्यांनी काय ऐकला? तुज्या त्या डब्यात जेवडा हाय तेवडाच. आता गाव बोलतो, लेक कंपनीत, बाप कंपनीत, दोगांनी मिळून देव इकला. रविवारी देवळात बसायचा हाय. तात्यांकडचा मान काडून घेतायत.”

दर्शनाच्या हातातला फोन गरम झाला होता. मान जाणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून समजणार नाही. पद गेलं तर दुसरं मिळतं. तात्यांकडे दुसरं काही नव्हतंच. त्यांच्या बापाने, आज्याने, पणज्याने जे तोंड गावासाठी उघडलं, ते तोंड खोटं ठरणार होतं. आणि ते खरं आहे ह्याचा पुरावा जगात एकाच ठिकाणी होता, तिच्या मोबाईलमध्ये; ऑफिसात उतरवलेलं होतं ते फक्त रील. सव्वादोन मिनिटं. त्यात ‘पन’ होता, त्यानंतरचा मोठा होकार होता, आणि शेवटी तात्यांचं ते वाक्यही होतं, अर्धा कुटं दाकवू नको. तो व्हिडिओ गावाने पाहिला असता तर बाप सुटला असता आणि मुलगी अडकली असती.

ती विनीत सरांकडे गेली. “सर, पूर्ण व्हिडिओ टाकूया. दुसरा भाग टाकायचं आपलं ठरलं होतं.”

विनीत सर चांगले गृहस्थ होते. आई आजारी असताना त्यांनी तिला पगारी रजा दिली होती. ते शांतपणे म्हणाले, “दर्शना, त्या दुसऱ्या भागात शाप आहेत गं. क्लायंटच्या पानावर क्लायंटला शाप? आणि तू करारावर सही केली आहेस, इथलं शूट इथलंच. तुझ्या बाबांना सांग, चार दिवसांत लोक विसरतात. मी रोज बघतो.” लोक विसरतात हे त्यांचं खरंच होतं. पण ते पान बघणाऱ्या लोकांबद्दल खरं होतं. वडकोंडात कोणाच्या पणजोबांनी बांध सरकवला होता तोसुद्धा अजून कोणी विसरलेलं नाही.

शनिवारी सुट्टी टाकून ती एस्टीने लांज्याला आणि तिथून रिक्षाने गावात उतरली. वाटेत सखूकाकी भेटली, नेहमीसारखी थांबली नाही. तात्या पडवीत बसले होते. दर्शनाने मोबाईल पुढे धरला आणि आधी रील लावलं, मग पूर्ण व्हिडिओ. तात्यांनी दोन्ही पाहिले. स्वतःचाच आवाज ऐकताना ते जरा ताठ बसले. शेवटचं वाक्य आलं, “नाही दाखवत” असा तिचा आवाज आला, आणि दर्शनाला त्यांच्याकडे बघवेना.

“मी कापलं, तात्या. कोणी सांगितलं नव्हतं तिथेच काप म्हणून. मीच कापलं.”

तात्यांनी विचारलं, “ह्यो पुरा आनि कुनी पायलान?”

“सरांशिवाय कोणी नाही. उद्या देवळात सगळ्यांना दाखवते. मी सांगते त्यांना, तुमचा काही दोष नाही म्हणून.”

“देवाचा बोलना तोडनाऱ्याला काय दोष लागता, ठावं हाय तुला?” त्यांनी विचारलं. रागाने नाही, काळजीने. त्यांचा त्यावर विश्वास होता. पावसावर असतो तेवढाच. दर्शनाचा फारसा नव्हता. “जेव जा,” ते म्हणाले. त्या दिवशी ते स्वतःही जेवले, म्हणून तुळसाबाईंना वाटलं, सगळं निस्तरलं.

रविवारी सकाळी जाखमातेच्या देवळात साठ-सत्तर माणसं बसली होती. मुंबईहून सहाजण खास आले होते, त्यांच्या हातात मोबाईल. बायका खांबांपलीकडे. दर्शना तिथेच उभी राहिली, व्हिडिओ आधीच लावून, बोट प्लेच्या त्रिकोणावर ठेवून. बोलायचं काय ते तिने एस्टीत चार वेळा घोकलं होतं: मी कापला, तात्यांना माहीत नव्हतं, हे बघा त्यांनी काय सांगितलं होतं. पुढे जे व्हायचं ते होवो. लग्न न जमो, नोकरी जावो, गावात येणं बंद होवो. तिचं मन पक्कं होतं, आणि हे तिच्या बाजूने नोंदवायलाच हवं.

बाबल्याकाका उठले. त्यांचा आवाज चढला नाही. “तात्या, आमी इसजन सड्यावर हुतो. तुमी पुरा बोल्लाव, ता आमी ह्या कानांनी ऐकला. तुमच्यावर माजा राग न्हाय. पन ता अर्धा कुनी केलान? आज आमच्या झऱ्याचा पानी त्या अर्ध्यानं गेला. तुमच्या पोरीनं आपल्या मनानं केलान, का तुमी सांगितलाव? देवीच्या पुढ्यात येवडा सांगा. मंग आमी इचारनार न्हाय.”

प्रश्न सरळ होता आणि त्यात एक दारही उघडं ठेवलं होतं. पोरीने केलं, एवढं म्हटलं की तात्या सुटले. बाबल्याकाकांना तेच ऐकायचं होतं. म्हाताऱ्याचा मान काढून घ्यायला ते आले नव्हते. सगळ्यांच्या माना खांबांकडे वळल्या. दर्शनाने मोबाईल वर उचलला आणि पाऊल पुढे टाकलं.

“काका, मी सांगते. हा व्हिडिओ—”

तात्यांनी हात वर केला. तिच्याकडे न बघता. मग ते उठले, खांद्यावर पंचा घेतला, नारळ उचलून गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवला आणि हात जोडले. आवाज बदलला. देवळातली माणसं आपोआप उभी राहिली, कारण ह्या आवाजापुढे वडकोंडात कोणी बसत नाही.

“आये जाखमाते, बा राखनदारा. ह्या तुकारामानं तुज्या पुढ्यात गाऱ्हाना घातला, त्यो मदीच तुटला.”

“व्हय म्हाराजा,” दोघे-चौघे पुटपुटले.

“त्यो माज्या सांगन्यावरनं तुटला. पोरीनं इचारलान, तात्या, लांब होतो, काय करू. मी बोल्लो, काप. पोरगी बापाच्या हुकमाची ताबेदार.”

दर्शनाने मोबाईल खाली घेतला. आता ती बोलली तर देवीच्या उंबऱ्यावर, नारळ ठेवून, गावाच्या वतीने बोलणाऱ्या तोंडाने तात्या खोटं बोलले हे ती सत्तर माणसांना दाखवणार होती. गप्प बसली तर ते विकले गेलेले ठरणार होते. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधे उभं राहायलाही जागा नाही.

“तवा ह्याचा जो काय दोष आसंल, तो ह्या म्हाताऱ्याच्या माथी घाल. मला लागला तर किती दिस लागंल? माज्या लेकराच्या वाटंला जाव नको. तिचा घर हुभा ऱ्हाव दे. वडकोंडच्या झऱ्याचा पानी ऱ्हाव दे.”

 मग बाबल्याकाकांनी मान खाली घातली आणि म्हटलं, आणि त्यांच्यापाठोपाठ सगळ्यांनी म्हटलं, मुंबईच्या सहाजणांनीसुद्धा, कारण लेकरासाठी मागितलेलं अडवायची रीत नाही. “व्हय म्हाराजा.” त्या आवाजात दर्शनाला स्वतःचा आवाज ऐकू आला. तिने ठरवून म्हटलं नव्हतं. पाळण्यापासूनची सवय, बापाने मागितलं आणि तिच्या तोंडाने होकार दिला, त्याने तिच्यासाठी केलेल्या खोट्यालाही.

तात्यांनी पंचा काढला, घडी घातली आणि नारळाशेजारी ठेवला. मान परत केला म्हणून कोणी वेगळं सांगायची गरज उरली नाही. बाबल्याकाका पुढे आले, देवीच्या पाया पडले आणि बाजूला झाले. त्यांना खरं काय ते कळलं होतं. देवळातल्या बऱ्याच जणांना कळलं होतं. पण देवीपुढे म्हटलेलं आणि गावाने उचललेलं आता कोणालाच खोडता येणार नव्हतं.

दुपारी तात्या तिला रिक्षापर्यंत सोडायला आले. पंच्याशिवाय मोकळ्या खांद्याने चालणारे तात्या तिला अनोळखी वाटत होते. वळणावर ते थांबले.

“दर्शना, त्यो पुरा व्हिडिओ. त्यो पुसून टाक.”

“तात्या, तोच तर एक आहे. तुम्ही खरं बोलला होतात ह्याचा.”

“म्हनूनच. आज मी देवीच्या पुढ्यात येक बोल्लो, त्या तुज्या डब्यात मी दुसराच बोलतोय. आज ना उद्या भायेर येल. मंग माजा बोलना खोटा, गावानं दिलेला व्हय खोटा, आनि दोष परत तुज्या दारात. मी ह्या सगळा कशापायी केला?”

तिने बटण दाबलं. मोबाईल म्हणाला, तीस दिवस कचऱ्यात राहील. तात्यांना वाचता येत होतं. ते वाकून बघत होते. “म्हंजे हाय अजून?” त्यांनी विचारलं. तिने कचऱ्यात जाऊन तो पुन्हा पुसला. मोबाईलने विचारलं, कायमचा? तिच्या डोळ्यांतलं पाणी काचेवर पडल्यामुळे बोट नीट लागेना, तेव्हा तात्यांनी सदऱ्याच्या टोकाने काच पुसून दिली.

“ग्येला?”

“गेला.”

“मंग जा. तुजी गाडी चुकंल.”

लांज्याला एस्टीत तिला खिडकीजवळ जागा मिळाली. सवयीने तिने पान उघडलं. रील चार लाखांवर गेलं होतं. सगळ्यात वर पुण्याच्या कोणा बाईंची ताजी कमेंट होती. ‘काय खणखणीत आवाज आहे आजोबांचा! अंगावर काटा आला. हा पूर्ण व्हिडिओ कुठे बघायला मिळेल?’ अशा कमेंटला तासाभराच्या आत उत्तर द्यायचं, असा ऑफिसचा नियम होता. दर्शना गाडी हातखंब्याला पोचेपर्यंत त्या प्रश्नाकडे बघत बसली. त्याचं उत्तर तिच्याकडे दुपारपर्यंत होतं.